आकडा आपणच सांगायचा

नव्या कॅमेऱ्यावर जुने, हाताने फिरवायचे झूम भिंग लावले की छायाचित्रे हलतात. सबब ते भिंग टाकाऊ, असे आपल्यातले हौशी छायाचित्रकार मित्र सर्रास म्हणतात. मला हे मान्य नाही. पुष्कळदा दोष भिंगाचा नसून कॅमेऱ्याला दिलेल्या आकड्याचा असतो.

कॅमेऱ्यातील कंपरोधक यंत्रणा हाताची थरथर ओळखून सेन्सर सरकवते. तो किती सरकवायचा, हे भिंगाच्या नाभीय अंतरावर ठरते. नवे भिंग ते अंतर आपणहून कळवते. जुने मुके असते. म्हणूनच २००६ सालचा पेंटॅक्स के१००डी असे भिंग बसवून सुरू केला की नाभीय अंतर विचारतो.

झूममध्ये हे अंतर सतत बदलते आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ७० ते २१० मिलिमीटरच्या भिंगाला २१० सांगून ७० वर चित्र टिपले, तर सेन्सर गरजेच्या तिप्पट सरकतो. हलणे उलट दुप्पट होते. ७० सांगून २१० वर टिपले, तर निदान एक-तृतीयांश कंप जातो. म्हणून घाईत लहानात लहान आकडा ठेवावा, सवडीने खरा भरावा.

अर्थात स्नेहसंमेलनात नाचणारी पावले कोणतीच यंत्रणा थांबवणार नाही. तिथे शटरचा वेगच हवा. परंतु नवे भिंग घेण्याची ऐपत आपल्यापैकी थोड्यांचीच. तेव्हा कपाटातले भिंग भंगारात काढण्यापूर्वी कॅमेऱ्याला खरा आकडा सांगून पाहावा, एवढेच माझे म्हणणे.