बदलीचा हुकूम, मोजकी रजा आणि घराचा सौदा

बुलडाणा : जिल्ह्यात एकही लष्करी छावणी नाही. त्यामुळे येथून सैन्यात गेलेल्या जवानाची प्रत्येक बदली जिल्ह्याबाहेरची, बहुधा राज्याबाहेरचीच असते. मागे राहते ते चिखली, मेहकर किंवा खामगावात कर्ज काढून बांधलेले घर. कुटुंब सोबत नेण्याची सोय झाली की हे घर विकण्याचा विचार पुढे येतो आणि घाई सुरू होते.

घाईचे कारण उघड आहे. वार्षिक रजा 60 दिवसांची, तीही सलग मिळेलच असे नाही. जवानाच्या परतीची तारीख ठाऊक असलेला गिऱ्हाईक भाव कशाला वाढवील? त्यात कागदपत्रांची रड वेगळीच. घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, बँकेचा बोजा उतरलेला नाही. जागा भोगवटादार वर्ग 2 ची निघाली तर शासनाच्या परवानगीवाचून विक्रीच अडते.

अशा वेळी दलाल सुचवितो तो मार्ग म्हणजे इसार घ्या, कुलमुखत्यारपत्र लिहून द्या आणि ड्युटीवर निघा. हा मार्ग घातक आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या अशा ‘विक्री’ने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. घर कागदोपत्री जवानाचेच राहते, ताबा दुसऱ्याचा आणि पुढचे तंटे मात्र दोघांचे. मुखत्यारपत्र द्यायचेच तर ते पत्नीला वा भावाला, ठरावीक कामापुरते द्यावे. नोंदणी अधिनियम 1908 नुसार जवान जेथे राहतो तेथील दुय्यम निबंधकासमोर ते प्रमाणित करून घेता येते. त्यासाठी गावी धावत येण्याचे कारण नाही.

मुळात विकण्याची निकड असते का, हा खरा प्रश्न आहे. ‘भाडेकरू घुसला की निघत नाही’ या धास्तीने अनेकजण घर पडेल भावात देऊन टाकतात. ही धास्ती जुन्या अनुभवातून आलेली आहे, खोटी म्हणता येणार नाही. तथापि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 23 ने सैन्यदलातील सेवारत व निवृत्त व्यक्तींना स्वतःच्या वा कुटुंबाच्या राहण्यासाठी घराचा ताबा परत मिळविण्याचा खास हक्क दिला आहे. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरचे प्रमाणपत्र मोलाचे ठरते. कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर देण्याची आपली सवयच येथे नडते.

अमेरिकेत घरांचे भाव कोसळले तेव्हा, 2009 मध्ये, बदलीपायी तोट्यात घर विकावे लागलेल्या सैनिकांना नुकसानीचा काही भाग देण्याची तात्पुरती तरतूद झाली होती. आपल्याकडे तशी भरपाई नाही. सरकारी निवासस्थाने आहेत आणि सीमेवर तैनात जवानांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीही स्वतंत्र घरांची योजना आहे. पण गावच्या घराचे काय करावे, हा सल्ला जवानाला आजही दलालाकडूनच मिळतो. बुलडाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. बदलीच्या हंगामात तेथे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या मदतीने चार दिवस मार्गदर्शन ठेवले, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही.