गाण्याची पट्टी कोणी ठरवायची?

जुने गाणे मोबाइलवर शोधले की हल्ली त्याच्या नावाखाली तीन नोंदी मिळतात : मिनिटाला ठोके किती, पट्टी कोणती आणि भाव आनंदी की उदास. ही माहिती कामाची आहे, पण ती त्या एका ध्वनिमुद्रणाची आहे, गाण्याची नव्हे. हा फरक न ओळखता आपण तयार ट्रॅक लावून भजने म्हणू लागलो आहोत, आणि यात भजनाचे मोठे नुकसान आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘अवघे गरजे पंढरपूर’ हेच घ्या. अशोकजी परांजपे यांचे शब्द, जितेंद्र अभिषेकी यांची चाल, ‘गोरा कुंभार’ नाटकात प्रकाश घांग्रेकर यांचा आवाज. नाटक ज्यांनी कधी पाहिले नाही, त्यांच्याही तोंडी ते बसले आहे. आता ते ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे गायचे, की ध्वनिमुद्रणाच्या पट्टीत गळा ताणायचा?

ज्यांच्यावर ते नाटक आहे, त्या गोरोबाकाकांच्या तेरमध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते. तेरणाकाठच्या या गावी चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि दिंड्या येतात. भजनाला उभी राहणारी मंडळी पट्टी कशी ठरवतात ते पाहावे. बुवा पेटीवर आपला षड्ज धरतात. कोणाला काळी एक पुरते, कोणाला पांढरी चार लागते. बायकांचे भजन असेल तर सूर आणखी वर जातो. मग पखवाजिया हातोडीने गठ्ठे ठोकत शाईचे तोंड त्या सुराला आणतो, डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक लावतो, थाप मारून ऐकतो, पुन्हा ठोकतो. पट्टी अशी गळा आणि चामडे यांच्या समजुतीने ठरते. लयीचेही तसेच. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण त्या मात्रांमधले अंतर टाळकऱ्यांच्या पावलांवर असते. म्हातारी माणसे पुढे असतील तर चाल ठाय राहते, गजराला तरुण पोरे सरसावली की ती चढते. एकाच अभंगात लय दुपटीवर जात असताना मिनिटाला ठोके किती, याचे एकच उत्तर देता येत नाही.

आपल्या संगीताने हे पूर्वीच ओळखले होते. भातखंडे यांच्या स्वरलिपीत ‘सा’ लिहिलेला असतो, पण तो पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा हे ज्याने त्याने ठरवायचे असते. विलंबित, मध्य, द्रुत हेही एकमेकांच्या तुलनेतच समजतात. उलट 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून गायक पदे आटोपती घेत. तबकडी किंवा फीत जरा जलद फिरली तरी पट्टी आणि लय दोन्ही चढतात. जुन्या ध्वनिमुद्रणावरून यंत्राने काढलेल्या पट्टीत कधी कधी त्या मोटरचाही वाटा असतो.

यावर आक्षेप असा, की नवशिक्याला काहीतरी ठाम आधार हवाच. खेड्यात पेटीवाला, पखवाजिया मिळेनासा झाला तर ट्रॅक नसता भजनच बंद पडेल. यातला दुसरा भाग मला खरोखर अस्वस्थ करतो. पण ट्रॅकने पखवाजियाची जागा भरत नाही, त्याची गरजच संपते, आणि मग पुढचा पखवाजिया तयार होत नाही. शिकायला ट्रॅक जरूर ऐकावा. म्हणताना टाळ आणि एकतारी पुरेशी आहे. दुसरा आक्षेप अभिषेकीबुवांच्या चालीशी इमान राखण्याचा. तो योग्यच आहे. पण चाल म्हणजे स्वरांची वळणे आणि त्यांचे मात्रांशी नाते. षड्ज खाली आणला म्हणून ती बदलत नाही; न पेलणाऱ्या पट्टीत ओरडले, तर मात्र बिघडते.

राहिला भाव. गोरोबाकाकांची कथा सांगते, की नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचे मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही. तेच नाम, तीच पावले, आणि शेजारी आईचा आक्रोश. या कथेच्या गाण्यासमोर ‘आनंदी’ लिहिणारा एक बाजू ऐकतो, ‘उदास’ लिहिणारा दुसरी. कीर्तनात हा प्रसंग आला की बुवा लय एकदम खाली आणतात आणि टाळ थांबतात. तेवढा वेळ थांबणे कोणत्याही ट्रॅकला जमत नाही, कारण समोर बसलेल्यांचे डोळे त्याला दिसत नाहीत.