शिवारातून : काडी ओढणाऱ्याची बाजू

ऊस तुटून गेला की पश्चिम महाराष्ट्रात फडाफडांतून जाळ दिसू लागतात. पाचट जाळू नका, असं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तरी पाचट पेटतं, आणि आपण शेतकऱ्याला बेफिकीर ठरवून मोकळे होतो. हा निवाडा मला मान्य नाही.

पाचटाचं मोल त्याला ठाऊक आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत दाबून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकलं, की खोडव्यात ओल टिकते, तण दबतं, सेंद्रिय कर्ब वाढतो. जाळलं की कर्ब आणि नत्र धुरावाटे जातं. हे गावोगावच्या मेळाव्यांत सांगून झालं आहे.

घोडं अडतं ते पुढं. पाचटामुळे सरीत पाणी लवकर पुढं सरकत नाही आणि वीज पुष्कळदा रात्रीची. अंधारात त्या पाचटात पाय घालायचा तर सापाची भीती. कुट्टी यंत्राचं भाडं रोख मोजायचं, तर उसाचं बिल अजून जमा व्हायचं असतं. शिवाय कितीतरी रानं खंडानं कसली जातात, तीही तोंडी बोलीवर, कारण लेखी दिलं तर कूळ लागेल या धास्तीनं मालक कागद करत नाही. पुढच्या वर्षी रान हातात राहील की नाही हेच माहीत नसताना, काही वर्षांनी सुधारणाऱ्या मातीसाठी आज पदरचे पैसे कोण घालील?

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आधी करतो आणि बिलातून कापतो. पाचट कुट्टीचंही तसंच करावं, आणि त्यातला काही भार स्वतः सोसावा. दुसरं, मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला किमान पाच वर्षांचा लेखी करार मिळेल, अशी कायदेशीर हमी सरकारनं द्यावी.

पर्यावरण राखण्याचा फायदा सगळ्या समाजाला होतो आणि जोखीम मात्र एकटा कसणारा घेतो. ही वाटणी बदलेपर्यंत त्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.