परीक्षक प्रश्न विचारतात, तेव्हा मूल कुणाकडे बघतं?



विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं की आपल्या शिरूर-दौंडकडच्या शाळांत एकच धावपळ सुरू होते. थर्माकोल, वायरी, रंगीत तक्ते. मग आपण दोन पानी भाषण लिहून देतो आणि मूल ते घडाघडा पाठ करतं. मला वाटतं, आपलं चुकतं ते नेमकं इथंच.

मीही हे केलंय. सहावीतल्या एका मुलाला सौरऊर्जेचं मॉडेल दिलं. भाषण माझंच. पोरगं एका दमात बोललं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "बाळ, ढग आले तर काय करशील?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या दिवशी नापास तो नाही, मी झाले.

गंमत बघा, त्याचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी घालायचं, म्हणजे मळी वर येते. वाळलेली चिपाडं जळणाला. पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का, ते बघायचं. हे सगळं त्याला पाठ न करता येत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं!

पुढच्या वर्षी तोच विषय घेतला. तीन भांड्यांत सारखाच रस. एकात भेंडीचं पाणी नाही, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात दुप्पट. निघालेली मळी वजन करून वहीत लिहिली, त्याच्याच अक्षरात. परीक्षकांनी विचारलं, "आणि चौपट घातलं तर?" तो म्हणाला, "सर, तेवढं आम्ही करून बघितलं नाही. पण करता येईल." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

नंबर आला नाही. पण परीक्षक त्याच्याशी बराच वेळ बोलत बसले, आणि येताना गाडीत पोराचं तोंड थांबत नव्हतं.

म्हणून सांगते, भाषण लिहून देऊ नका. चारच प्रश्न द्या: काय बघितलं? कसं मोजलं? काय चुकलं? पुढे काय करणार? उत्तरं मुलाच्या बोलीत येऊ द्यात. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना परीक्षक करून बसवा. ती असे प्रश्न काढतात, की आपल्यालाही घाम फुटतो! आणि "हे आम्ही केलं नाही" असं सांगायला शिकवा. ते खरं उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडम, शाळेच्या नावाचं काय? खरंय, वरून विचारणा होते. पण इन्स्पायर मानकमध्ये निवड झाली की 10,000 रुपये मिळतात ते मुलाच्या कल्पनेला, आपल्या हस्ताक्षराला नाही. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेतही मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न स्वतः अभ्यासावा, हीच अपेक्षा आहे.

ढाल कपाटात धूळ खाते. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोललेलं मात्र पोराबरोबर जन्मभर राहतं. यंदा आपण स्टॉलपासून चार पावलं लांब उभं राहूया का?