विरोधातून उमगणारा अर्थ

वाचताना अनोळखी शब्द आडवा आला, की बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. कथेत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु करारपत्रात किंवा मृत्युपत्रात एक शब्द चुकीचा समजला, तर भावाभावांत वितुष्ट येऊ शकते. शब्दकोश हाताशी नसला, तरी अशा शब्दाचा अर्थ पुष्कळदा त्याच वाक्यात दडलेला असतो.

‘जमीन, घर आणि दुकानाचा गाळा ही स्थावर मालमत्ता पुत्रांकडे जावी, जंगम मात्र पत्नीकडे राहावी,’ असे वाक्य मृत्युपत्रात आहे, असे समजू. ‘जंगम’ शब्द ठाऊक नसलेल्या वाचकाने ‘मात्र’पाशी क्षणभर थांबावे. पुढे येणारी गोष्ट मागच्यापेक्षा वेगळी आहे, हे तो शब्द सुचवतो. जमीन व घर जागचे हलत नाहीत; तेव्हा जंगम म्हणजे हलवता येण्याजोगे : दागिने, रोकड, दुकानातील माल. परंतु, तर, उलट, नसून, ऐवजी, असूनही हे शब्दही अशीच खूण करतात.

शब्दाची जोडी बदलली, की अर्थही बदलतो. जैन तत्त्वज्ञानात ‘स्थावर’च्या समोर ‘जंगम’ नव्हे, तर ‘त्रस’ उभा असतो. तेथे वनस्पतिकायासारखे एकेंद्रिय जीव स्थावर, तर दोन वा अधिक इंद्रियांचे जीव त्रस होत. मृत्युपत्रातील अर्थ प्रवचनात नेऊन चालत नाही, तो यामुळेच.

या खुणेला मर्यादाही आहेत. ‘थोरला कृपण, तर धाकटा उधळा’ या वाक्यातून कृपण माणूस खर्च टाळतो, इतकेच कळते. पण काटकसरी माणूसही खर्च आवरतोच. पहिल्या शब्दात निंदा आहे, दुसऱ्यात स्तुती; हा भेद मागचीपुढची वाक्ये पाहिल्यावाचून उमगत नाही. शिवाय पावतीवरील ‘रुपये पाचशे मात्र’ यातला ‘मात्र’ विरोध दाखवीत नाही. त्याचा अर्थ ‘फक्त’ एवढाच.

म्हणून आधी खुणेचा शब्द शोधावा, मग ओळखीची बाजू पाहावी, तिच्या उलट अर्थाचा अंदाज बांधावा आणि तो वाक्यात ठेवून तपासावा. व्यवहाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी अंदाजावर न थांबता जाणकारास विचारावे. घरातील मुलांकडून रोजच्या वृत्तपत्रातील दोन-तीन वाक्यांवर हा सराव करून घेतल्यास अर्थ विचारण्याआधी तो शोधण्याची सवय त्यांना लागेल.