इंजेक्शन घेताना जरा हाताकडे बघा!



ऊस विकास खात्याने लागणीवर, खोडव्यावर, फार तर हुमणीवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. परंतु मागील गळीत हंगामात एका तळावर जे पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून या अंकातील आमची जागा त्यासाठी वापरतो.

तोडणीचा कार्यक्रम ठरविण्यासाठी आम्ही संध्याकाळी कोप्यांवर गेलो होतो. मुकादमाशी बोलणे चालू असता मोटारसायकलवरून एक ‘डॉक्टर’ आले. (पदवी कसली ते आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.) ताप, कणकण, अंगदुखी असलेली सहा-सात माणसे ओळीने बसली. सर्वांना एकाच सिरिंजमधून टोचले. पुढची सुई तेवढी दर माणसाला बदलली. आम्ही हटकले तर म्हणाले, “साहेब, सुई नवी लावतोय की प्रत्येकाला!” मुकादम मध्येच बोलला, “राहू द्या साहेब. एक सुई मारली की माणूस सकाळी फडात उभा राहतोय. खाडा पडला तर कोण भरून देणार?” यावर आम्ही गप्प बसलो. बसायला नको होते.

खोट कुठे आहे ते सांगतो. टोचताना किंचित रक्त मागे सिरिंजमध्ये येते, डोळ्यांना दिसतही नाही. सुई बदलली तरी ते नळीत राहतेच. वर तीच सिरिंज औषधाच्या बाटलीत पुन्हा घातली, की बाटलीही बाटली! त्या रक्तात ‘सी’ प्रकारच्या काविळीचा विषाणू असेल तर तो पुढच्या माणसात जातो.

आपणांस खोडवा खुरटण्याचा रोग माहीत आहे. वरून काही दिसत नाही, पण फुटवा बारीक पडतो, वजन घटते आणि आपण खताच्या दुकानदाराला शिव्या देतो. हा रोग एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो तो कोयत्याने. म्हणून बेणे तोडताना कोयता औषधाच्या पाण्यात बुडवा, असे आम्ही दरवर्षी घसा फोडून सांगतो. ही कावीळ तशीच मुकी आहे. नाव काविळीचे, पण बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस वीस-वीस वर्षे कामधंदा करतो आणि एक दिवस पोटात पाणी होऊन दवाखान्यात पडतो. मग गाव म्हणते, दारू पीत असेल. न पिणाऱ्याचीही अशी बदनामी होते. ‘बी’ काविळीला लस आहे, ‘सी’ला अद्याप नाही.

हे पुस्तकी भय नव्हे. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी आपल्यासारखीच कालव्याची बारमाही शेती आहे, ऊसही होतो. कालव्याच्या पाण्यातील गोगलगायींमुळे तेथील शेतकऱ्यांना बिल्हार्झिया हा जंतांचा रोग जडत असे, लघवीतून रक्त जात असे. सरकारने चांगल्या हेतूने १९५० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे गावोगाव मोहीम काढली व एकेका माणसाला कित्येक आठवडे शिरेतून इंजेक्शने दिली. सिरिंजा काचेच्या, रांग लांब आणि उकळायला वेळ अपुरा. ‘सी’चा विषाणू तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हता, तो ओळखला गेला १९८९ साली. पुढे २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या दर शंभर माणसांत जवळजवळ पंधरा जणांच्या रक्तात त्याची खूण सापडली. एवढ्या फैलावाचे मोठे कारण ती इंजेक्शनेच, असे तज्ज्ञ मानतात. २०१८-१९ मध्ये त्या देशाने सुमारे पाच कोटी लोकांचे रक्त तपासले व रोग्यांना गोळ्या दिल्या. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामाला मान्यता दिली. पण मधल्या काळात किती शेतकऱ्यांची घरे बसली! शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजांमुळेच ‘बी’ काविळीची साथ आली व अनेक माणसे दगावली.

दोष एकट्या टोचणाऱ्याचा नाही. “गोळ्या नकोत, एक सुईच द्या” हा हट्ट आपला. ज्याने टोचले नाही तो डॉक्टर कसला, असे आपणच पारावर बोलतो. साध्या तापाला, अंगदुखीला बहुधा गोळी पुरते. सुई लागलीच तर बंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. लाज कसली? खताचे पोते आपण शिवण बघूनच घेतो ना!

तोडणी मजुराला मात्र हे सांगून भागणार नाही. तो परमुलखात आलेला, खाड्याच्या धाकात असलेला; त्याला निवड नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की हंगाम संपेपर्यंत प्रत्येक तळावर आठवड्यातून ठरल्या दिवशी शिकलेला डॉक्टर व परिचारिका कारखान्याने पाठवावी. सिरिंज एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी असावी, आणि वापरलेल्या सुयांसाठी बंद डबा असावा. आज त्या उकिरड्यावर पडतात व पोरे पिचकारी म्हणून खेळतात. हे कारखान्याचे काम नव्हे, असे काही जण म्हणतील. टोळी आजारी पडली की गव्हाण कशी रिकामी राहते ते त्यांनी शेती खात्याला विचारावे. खर्च म्हणाल, तर एका ट्रॅक्टरच्या टायरला जाते त्याहून एका तळाच्या सिरिंजांना जास्त लागणार नाही.

ज्यांनी पूर्वी वारंवार अशी इंजेक्शने घेतली आहेत, किंवा ज्यांना रक्त चढविले आहे, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. बहुतेकांना तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात व शंभरात पंचाण्णवच्या आसपास माणसे पूर्ण बरी होतात.

तळावरील दवाखान्याचा विषय आम्ही संचालक मंडळापुढे लेखी ठेवीत आहोत. सभासदांनीही तो येत्या वार्षिक सभेत मांडावा. गटातील ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेपूर्वी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे.

– ऊस विकास अधिकारी