गुपित कोणाचे?

प्रार्थनासभेत पाळक कळवळून बोलतात, ‘आपल्या एका बहिणीच्या घरी सध्या फार ताण आहे. तिच्या नवऱ्याचे व्यसन सुटावे म्हणून प्रार्थना करू या.’ नाव घेतलेले नसते. साठ घरांच्या मंडळीत ते घ्यावेही लागत नाही. सभा सुटेपर्यंत ती बहीण कोण हे सर्वांना समजलेले असते आणि दुसऱ्या दिवशी ते नवऱ्याच्या कानावरही जाते. त्यानंतर ती बाई पाळकांना काहीच सांगत नाही. तिच्या घरात काय घडते, हे कोणालाच कळेनासे होते.

आपल्या सेवेतील बहुतेक विश्वासभंग असे सद्हेतूने होतात. उपदेशातील ‘मी एक कुटुंब ओळखतो’, प्रार्थना-विषयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, घरभेटीहून परतल्यावर जेवताना पत्नीशी झालेले बोलणे, कमिटीच्या बैठकीत ‘आपल्यातच राहू द्या’ म्हणून सांगितलेली हकिकत. यातील एकाही ठिकाणी कोणाचे वाईट व्हावे अशी इच्छा नसते. पण जे सांगितले ते सांगणाऱ्याचे होते आणि ते त्याला न विचारता दुसऱ्यांच्या हाती गेले. प्रार्थनेसाठी गेले म्हणून त्यातली इजा कमी होत नाही.

घरात मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत तर यात जिवावरचा धोका असतो. ती हिंमत करून बोलते आणि पाळक समेटाच्या उत्साहात थेट नवऱ्याकडे जातात, किंवा दोघांना एकत्र बसवून ‘आता मन मोकळे करा’ म्हणतात. नवरा तिथे मान खाली घालून क्षमा मागतो. घरी गेल्यावर काय होते ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तिच्या परवानगीवाचून नवऱ्याशी एक शब्दही बोलू नये. आधी तिला विचारावे : आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का? जायला दुसरी जागा आहे का? कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद केली आहे, हे तिला ठाऊक आहे का? तिला ‘क्रूस उचलून सहन कर’ असे सांगणारा पाळक माझ्या मते सेवा करत नाही, मारणाऱ्याला मोकळीक देतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जे गुपित सांगणाऱ्याच्या रक्षणासाठी असते, तेच पुष्कळदा संस्थेच्या रक्षणासाठी वापरले जाते. बोर्डिंगमधील मुलाने किंवा रविवारच्या शाळेतील मुलीने काही सांगितले की वडीलधारी मंडळी मत्तय 18 चा आधार घेतात : आधी एकट्याने जाऊन बोला, मग आणखी एका-दोघांना न्या, मग मंडळीपुढे आणा. बंधूंमधील अपराध मिटवण्याची ती रीत आहे. ज्या अध्यायात ती येते, त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू एका लेकराला मध्ये उभे करतो आणि लहानांना अडखळण करणाऱ्याला जो इशारा देतो, त्याहून कडक शब्द शुभवर्तमानात क्वचितच सापडतील. तो भाग गाळून पुढचा वाचायचा, हे वचनाशीही प्रामाणिक नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा तशी शंकाही असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. पाळकांना यातून सूट नाही. पुराव्याच्या कायद्याने वकील-अशील आणि पती-पत्नी यांच्यातील बोलण्याला संरक्षण दिले आहे. धर्मसेवकाजवळ झालेल्या बोलण्याला ते 1872 च्या कायद्यात नव्हते आणि 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाही.

आमच्या कॅथलिक वाचकांपुढे पेच मोठा आहे, हे मान्य करायला हवे. पापनिवेदनाची मोहर 1215 च्या लॅटरन परिषदेपासून विधिवत बंधनकारक आहे. ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. पण त्या मोहरेची व्याप्ती संस्काराएवढीच आहे. ऑफिसात, जिन्यात, फोनवर कळलेले तिच्याखाली येत नाही, आणि बिशपांच्या कपाटातील फाइल तर नाहीच नाही. डिसेंबर 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक शोषणाच्या प्रकरणांवरील ‘पोपीय गुप्तता’ उठवली. त्याच वर्षी व्हॅटिकनने मोहरेचे ठाम समर्थन करणारे टिपण काढले. पापनिवेदनाला आलेली व्यक्ती स्वतःच अत्याचाराची बळी असेल, तर तिला तिचे हक्क आणि तक्रारीचे मार्ग समजावून सांगावेत, असे त्यात म्हटले आहे. सांगणाऱ्याचे रक्षण आणि संस्थेचे झाकण यांतील भेद रोमने एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी दाखवून दिला. प्रॉटेस्टंट पाळकांनी तर मोहरेचा आधार घेऊच नये. आपल्या ऑफिसातील समुपदेशन म्हणजे तो संस्कार नव्हे.

म्हणून कोणी ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारले, तर झटकन होकार देऊ नका. आधी सांगा : तुमची गोष्ट माझ्याजवळ राहील, पण लेकराला धोका असेल किंवा तुमच्या जिवाला, तर मी गप्प बसणार नाही, आणि कोणाशी बोलणार हे तुम्हाला सांगूनच बोलेन. एवढे ऐकून काही जण थांबतील. बहुतेक जण बोलतील, कारण आपण आधीच खरे सांगितलेले असेल. मरण्याचे विचार येतात असे कोणी म्हणाले, तर प्रार्थना जरूर करा, पण त्या माणसाला एकटे सोडू नका. टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा. तिथे मराठीत बोलता येते.

लेकरू बोलले, तर त्याची उलटतपासणी करू नका आणि ज्याचे नाव घेतले त्याला आधी बोलावू नका. ऐकलेले शब्द त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. चाईल्डलाइनचा 1098 प्रत्येक बोर्डिंगच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा.

आणि पाळकाने स्वतःचे ओझे कुठे उतरवावे? हे सगळे ऐकून एकट्याने झोपणे कठीण असते. मंडळीबाहेरचा एखादा अनुभवी सहकारी निवडा आणि नाव-गाव गाळून त्याच्याशी बोला. पत्नीवर हे ओझे टाकणे तिच्यावरही अन्याय आहे, कारण रविवारी त्याच बाईशेजारी तिला बसायचे असते.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे प्रत्येक मंडळीने एक ठराव आणावा, अशी आमची विनंती आहे : तक्रार ऐकण्यासाठी दोन व्यक्ती नेमाव्यात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी आणि दोघांपैकी कोणीही पाळकांच्या नात्यातले नसावे. लेकराविषयीची तक्रार आली की पहिली खबर पोलिसांना आणि त्यानंतर बिशपांना जावी, हा क्रमही ठरावात लिहिलेला असावा.